मुलाच्या हाती किल्ली : घाई कशासाठी?

दहावीचा निकाल लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, पोरगा गाडी मागतोय. द्यावी का?" विचारणाऱ्या वडिलांचे मन बहुधा निम्मे बनलेले असते. क्लास सहा किलोमीटरवर, एसटी वेळेवर नाही, शेजारच्या मुलाकडे गाडी आहे, आणि "हात चांगला बसलाय त्याचा" हे शेवटचे प्रशस्तिपत्र. हाडांचा डॉक्टर म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजू मला रोज दिसते. म्हणून आजचा लेख या किल्लीविषयी.

हात बसला, पण डोके?

पंधरा वर्षांच्या मुलाचा हात लवकर बसतो, हे खरे आहे. क्लच, गिअर, तोल हे सारे तो मोठ्या माणसापेक्षा चटकन शिकतो. परंतु गाडी चालवणे म्हणजे निव्वळ तोल सांभाळणे नव्हे. समोरची बैलगाडी वळेल का, कुत्रे आडवे येईल का, ओव्हरटेक करावे की थांबावे, हे निर्णय क्षणात घ्यावे लागतात. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग हे काम करतो. आवेगाला लगाम घालणे व परिणामांचा विचार करणे हे याच भागाचे काम. आणि मेंदूचा नेमका हाच भाग सर्वांत शेवटी, म्हणजे साधारण पंचविशीपर्यंत, पक्व होत जातो. थरार आणि मित्रांची वाहवा यांची ओढ मात्र त्याच्या कितीतरी आधी जोर धरते. थोडक्यात, इंजिन तयार, ब्रेक अजून बसवायचे आहेत!

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्याने 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. 13 ते 16 वर्षांची मुले एकटी असताना जेवढा धोका पत्करत, त्यापेक्षा बराच जास्त धोका मित्र शेजारी असताना पत्करत. चोविशीपुढच्या माणसांमध्ये असा फरक जवळपास दिसला नाही. आपल्याकडे ट्रिपल सीट जाणारी पोरे पाहिली की हे पटायला परदेशी अभ्यासाचीही गरज उरत नाही.

वेगाचे गणितही पाहा. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी वीस-पंचवीस मीटर पुढे गेलेली असते. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते.

शरीराचे काय होते?

2022 साली भारतात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. जे वाचतात त्यांची गणती कोणी ठेवत नाही. ते आमच्याकडे येतात.

मांडीचे हाड मोडले तर बाहेर थेंबही न दिसता आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते. मुलग्यांमध्ये ती सोळा-अठरापर्यंत शिल्लक असते. तिला इजा झाली तर हाड जुळूनही पाय आखूड किंवा वाकडा राहू शकतो.

सर्वांत फसवी इजा डोक्याची. मुलगा पडतो, उठतो, कपडे झटकतो, "काही नाही झालं" म्हणतो. घरी बोलणी बसतील म्हणून पडल्याचे सांगतही नाही. कवटीच्या आत रक्तस्राव सुरू असेल तर काही तासांनी डोके ठणकू लागते, उलट्या होतात, गुंगी येते. आईला वाटते, दमून झोपलाय. ही झोप जिवावर बेतू शकते. म्हणून मुलांना आधीच बजावून ठेवा : पडलास तर घरी सांग, रागावणार नाही. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, झटका, नाकाकानातून रक्त वा पाणी, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्यानुसार 18 वर्षे पूर्ण झाल्याशिवाय स्कूटर, मोटारसायकल वा मोटार चालवता येत नाही. 16 व्या वर्षी परवानगी आहे ती फक्त 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीला. पूर्वीच्या लुनाचे ते दिवस. आज घराघरांत उभ्या असलेल्या स्कूटर 100-125 सीसीच्या आहेत; त्यांना ही सूट लागू नाही.

2019 च्या दुरुस्तीने मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक वा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. शिवाय विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे 17 वर्षांच्या मुलाने चालवलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. ती मोटार महागडी होती म्हणून देशभर गाजली. पण दुसऱ्याच्या लेकराचा जीव घ्यायला साधी स्कूटरही पुरते.

अडचण खरी आहे, मग करायचे काय?

"डॉक्टर, तुम्हाला बोलायला काय जाते? क्लासला पाठवू कसा?" असे एका वडिलांनी मला तोंडावर विचारले. त्यांचे चुकत नव्हते. वाड्या-वस्त्यांवरच्या मुलींचे शिक्षण तर वाहनावाचून थांबते. म्हणून नुसते "नको" म्हणून भागणार नाही.

- सायकल. पाच-सहा किलोमीटर म्हणजे अर्धा तास. व्यायाम फुकट. मागे लाल रिफ्लेक्टर व रात्री दिवा हवाच.
- एसटीचा सवलतीचा पास. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत प्रवास आहे. वेळ जुळत नसेल तर दहा-वीस पालकांनी सह्या करून आगारात अर्ज द्यावा.
- चार घरांनी मिळून पाळी लावावी, किंवा खात्रीची रिक्षा ठरवावी.
- अठरा पूर्ण झाल्यावरही एकदम मोकळीक नको. न्यूझीलंडने 1987 पासून नव्या चालकांना टप्प्याटप्प्याने परवानगी द्यायला सुरुवात केली. घरीही तसेच करता येते : पहिले सहा महिने रात्री गाडी नाही, मागे मित्र नाही, हायवे नाही, फोन खिशाबाहेर नाही.
- हेल्मेट आयएसआय छापाचे व पट्टा लावलेले. त्याने मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या इजेचा सुमारे 69 टक्के कमी होतो. आरशाला टांगलेले हेल्मेट फक्त आरसा वाचवते.

आणि बाबांनो, तुम्ही स्वतः हेल्मेटशिवाय, फोन खांद्याने कानाला दाबून जात असाल, तर तुमचा उपदेश मुलगा ऐकणार नाही. तो तुमची नक्कल करील.

रस्त्यात कोणी पडलेले दिसले तर 108 ला फोन करा. जखमीची मान वळवू नका, तोंडात पाणी घालू नका, वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, असे संरक्षण आता कायद्यानेच दिले आहे.

राहिला वडिलांचा प्रश्न. गाडी द्यावी का? द्यावी, पण अठरानंतर, लायसन्स हातात आल्यावर. दोन वर्षे सायकल चालवून कोणाचे शिक्षण बुडालेले मी पाहिले नाही. अपघातानंतर सहा महिने खाटेवर पडून वर्ष बुडालेली मुले मात्र पुष्कळ पाहिली आहेत.