जुना संगणक भंगारात देऊ नका!

मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढून घेतलेला संगणक, विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली म्हणून मोडीत काढू नका. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली लिनक्स प्रणाली फुकट मिळते. नवशिक्यांना तिचा ‘मिंट’ हा प्रकार सोपा. ४ जीबी रॅमवर तो चालतो.

सीताबर्डीवरून ८ जीबीचा कोरा पेन ड्राइव्ह आणा. मिंट डाउनलोड करून ‘रूफस’ने त्यावर चढवा. संगणक त्यावरूनच सुरू करा. आतले काही न पुसता वापरून पाहता येते. वाय-फाय, आवाज, मराठी कळफलक तपासा. अर्ज लिहायला लिबरऑफिस त्यातच आहे.

पसंत पडले तरच कायमचे बसवा. मात्र आधी फोटो, दाखले दुसरीकडे उतरवून ठेवा. वाचलेला पैसा लेकरांच्या पुस्तकांना लागेल.