दिव्यांगांच्या संघटना आणि शासनाचा आधार

करमाळा किंवा माळशिरस तालुक्यातून सोलापूरला यावयाचे म्हणजे शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास. धडधाकट माणसाचाही त्यात दिवस मोडतो. दृष्टिहीन किंवा पायाने अधू असलेल्या व्यक्तीस सोबत घ्यावी लागते, आणि घरातील दोघांची रोजी बुडते. प्रमाणपत्राची तपासणी, निवृत्तिवेतनाचा अर्ज, पुढे त्रुटींची पूर्तता, अशा खेपा एकट्याने घालता घालता अनेकजण हक्काचा नाद सोडून देतात. संघटनेची गरज येथे उत्पन्न होते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांपैकी संघटनेच्या आधाराने कचेरीत येणाऱ्या थोड्याच.

दिव्यांगांसाठी चालविली जाणारी संस्था आणि दिव्यांगांची स्वतःची संघटना यांत भेद आहे. सोलापुरातील भैरूरतन दमाणी अंधशाळेसारखी विद्यालये पहिल्या प्रकारात मोडतात. राज्यातील अनुदानित विशेष शाळांना वेतन अनुदान आणि निवासी विद्यार्थ्यांसाठी परिपोषण अनुदान दिले जाते. दुसऱ्या प्रकारातील संघटना शाळा चालवीत नाही. ती सभासदांची बाजू मांडते. शासनाचा पैसा प्रामुख्याने पहिल्या प्रकाराकडे गेला आहे. विद्यार्थ्यांची हजेरी मोजता येते, कचेरीत मांडलेल्या गाऱ्हाण्याची मोजदाद करणे कठीण, हे त्याचे एक कारण असावे.

तथापि कायद्याने संघटनांना काही स्थान दिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. दिव्यांगांविषयीचे निर्णय घेताना त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांशी विचारविनिमय करावा, असे हा करार सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यानुसार प्रत्येक राज्याच्या सल्लागार मंडळावर अशा संस्था-संघटनांचे दहा प्रतिनिधी नेमावयाचे असतात. ते शक्यतो स्वतः दिव्यांग असावेत आणि त्यांत किमान पाच स्त्रिया असाव्यात. जिल्हास्तरीय समितीचीही तरतूद आहे. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागाची घोषणा ३ डिसेंबर २०२२ रोजी झाली.

संघटना स्थापन करणाऱ्यांनी प्रथम १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी करावी. त्यासाठी किमान सात सभासद लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंद होते. शिक्षण, प्रशिक्षण, पुनर्वसन यांसारखे कार्य करावयाचे असल्यास २०१६ च्या अधिनियमाखालील प्रमाणपत्रही आवश्यक आहे. त्या अर्जावर ९० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. नोंदणीकृत संस्थेस शासन ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ साहाय्य देऊ शकते. हे शब्द काळजीपूर्वक वाचावेत. नोंदणी झाली म्हणजे अनुदान मिळालेच, असा त्यांचा अर्थ नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे. दिव्यांगांच्या संघटना, त्यांच्या पालकांच्या संघटना आणि स्वयंसेवी संस्था अशा तिन्हींची नोंदणी त्याखाली होऊ शकते. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संघटनेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांची स्थानिक समिती पालकत्वाच्या अर्जांवर निर्णय देते. आपल्या माघारी या मुलाचे कोण पाहील, या आईवडिलांच्या प्रश्नाचा विचार जिथे होतो, त्या समितीत संघटनेची जागा कायद्यानेच राखली आहे.

सोलापुरात आणखी एक अडचण आहे. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्त्यांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते. अक्कलकोटकडील गावांत कन्नडच अधिक. शासकीय परिपत्रक मराठीत निघते. ते घरोघर समजावून सांगणारा माणूस संघटनेकडेच असतो. त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च क्वचितच कुणी विचारात घेते.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. उदाहरणार्थ, स्वउत्पन्न चार लाख रुपये असेल, तर वीस हजार रुपये होतात. एवढ्यात गावातील सर्वांची गरज भागणार नाही. कोणास चाकाची खुर्ची आधी लागते, कोणाचा उपचार थांबला आहे, याची यादी ग्रामसेवकाने एकट्याने करण्यापेक्षा ती संघटनेच्या सभासदांसमवेत तयार करून ग्रामसभेपुढे वाचावी. मागील वर्षी खर्ची न पडलेली रक्कम किती, हेही त्याच सभेत विचारता येते.