बत्तीस लाल रेघा

झेडएक्स स्पेक्ट्रमला वीज जोडली की टीव्हीचा पडदा काळा होतो आणि त्यावर बत्तीस बारीक, उभ्या लाल रेघा उमटतात. लगेच त्या जातात, पडदा पांढरा होतो आणि खालच्या ओळीत १९८२ सालासह सिंक्लेअर रिसर्चचे नाव येते. एवढ्या वेळात या घरगुती संगणकाने आपली सगळी मेमरी तपासलेली असते.

स्टीव्ह विकर्स यांनी लिहिलेल्या रॉममधल्या, म्हणजे यंत्रात कायम कोरलेल्या कार्यक्रमातल्या, जेमतेम पंधराएक सूचनांचे हे काम. मेमरीच्या प्रत्येक घरात, ४८ केच्या यंत्रात ४९,१५२ घरांत, २ हा आकडा भरायचा. पडद्यावरचे चित्रही याच मेमरीत राहते. बायनरीत २ म्हणजे ००००००१०, म्हणून आठ ठिपक्यांमागे एक पेटतो. रंगाच्या घरात २ म्हणजे काळ्यावर लाल. रेघा येतात त्या अशा. मग पहिल्या घरापासून एकेक वजा करत जायचे. पहिल्यांदा वजा केल्यावर शून्य येता कामा नये, दुसऱ्यांदा शून्यच यायला हवे. जिथे हिशोब चुकला तिथे मेमरी संपली असे मानायचे आणि त्याच्या अलीकडे आहे तेवढ्यात संसार थाटायचा.

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाचा तुकडा हातोडीने वाजवून बघतात. भेग असली की आवाज बद्द येतो. ही चाचणी त्याच जातीची आहे, म्हणून मला ती मनापासून आवडते.

पण ती अपुरी आहे. मेमरीतला एखादा बिट कायम १ वर अडकला, तर ती पकडते. वरच्या सहा बिटांपैकी एखादा कायम ० वर अडकला, तर तिला पत्ताही लागत नाही, कारण २ या आकड्यात ते बिट शून्यच असतात. समजा, ६४ किमतीचा बिट मेला आहे. रोमन लिपीतल्या ‘ए’ अक्षराचा अंक ६५. तो त्या घरात ठेवला की परत १ मिळतो. यंत्र मात्र सुरळीत सुरू झालेले असते. दहा मिनिटांनी कॅसेटवरून भरलेला कार्यक्रम कोसळतो आणि दोष जातो बिचाऱ्या कॅसेटला.

म्हणून जाणकारांनी वेगळे तपासणी-कार्यक्रम लिहिले. ते ८५ आणि १७० असे उलटसुलट आकडे भरतात, वाचतात, ताडून बघतात. वरच्या उदाहरणात लिहिले ६५, आले १, म्हणजे फरक ६४चा. खालच्या १६ केच्या आठ चिपांपैकी प्रत्येक चिप एकेक बिट सांभाळते, त्यामुळे कोणती चिप काढायची हे त्या फरकावरूनच कळते. वरच्या ३२ केमध्येही तशाच आठ चिपा आहेत. त्यांची गोष्ट तर विलक्षण आहे. त्या मुळात ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग सदोष निघालेल्या. चांगला अर्धा कोणता हे बोर्डावरच्या एका तारेच्या जोडणीने ठरवून त्या स्वस्तात वापरल्या गेल्या. टाकाऊ म्हणून बाजूला पडला असता तो माल लाखो घरांत कामाला आला.

असा कार्यक्रम लिहायला खरी हिकमत लागते. जी मेमरी तपासायची तिच्यावरच विसंबता येत नाही. परतीचा पत्ता ठेवायलाही जागा नाही, कारण तोही मेमरीतच ठेवावा लागतो. सगळे काम झेड८० प्रोसेसरच्या मोजक्या रजिस्टरांत उरकायचे. पडद्यावर अक्षरे काढण्याचीही खात्री नसते; पडद्याभोवतीचा काठ मात्र मेमरीला न विचारता रंग बदलतो, म्हणून निकाल काठाच्या रंगांतून सांगायचा. कार्यक्रम वेगळ्या रॉममध्ये घालून मागच्या जोडपट्टीला लावला की तो मूळ रॉमला गप्प करून ताबा घेतो.

भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकात हाच संगणक परवान्याने, ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकला. बाबूराव आणि आनंदराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळवला ते हे कोल्हापूर. यंत्र उघडून बघायला इथला माणूस कचरत नाही, त्यामुळे असली यंत्रे भंगारात गेलेली मला बघवत नाहीत.

तुमच्या माळ्यावर एखादे असेल तर घाई करू नका. आधी अ‍ॅडॉप्टर मीटरने तपासा: मूळचा ९ व्होल्टचा आहे आणि त्याची मधली पिन ऋण असते. आजचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर याच्या उलटे; तसला लावलात तर यंत्र जळू शकते. इथल्या पावसाळ्यांनी जोडपट्टीवर धरलेला काळपट थर पुसून घ्या. खालच्या आठ चिपांना +५, −५ आणि +१२ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यातला −५ गेला की चिपा मरतात, म्हणून नवी चिप बसवण्याआधी तो दुरुस्त करून घ्या. यंत्र सुरू झाले, तर ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’ ही आज्ञा द्या. ४८ केच्या यंत्रात उत्तर ६५५३५ यायला हवे. त्याहून कमी आले, तर त्याच्या पुढच्याच घरात दोष आहे.