खाडीतील गाळ : जमिनीचे दप्तर
मढच्या पूर्वेस मालाडची खाडी आहे. दर पावसाळ्यात वरच्या जमिनीची माती व पालापाचोळा तीत येऊन थरावर थर बसतो. आम्ही हयातभर महसुलाची दप्तरे चाळली. हेही तसेच दप्तर होय. शास्त्रज्ञ नळी रोवून अशा गाळाचा उभा नमुना काढतात. त्यातील किरणोत्सर्गी शिसे सुमारे २२ वर्षांत निम्मे होते. त्यावरून गेल्या शतकातील थरांचे वय कळते. सेंद्रिय कर्ब नत्राच्या २० पट वा अधिक असल्यास तो बहुधा जमिनीवरील झाडोऱ्याचा, ४ ते १० पट असल्यास समुद्री शेवाळाचा समजतात. शहराचे सांडपाणी हा हिशेब बिघडविते, म्हणून शेवाळात नसलेले काष्ठद्रव्यही तपासतात. मात्र तिवरांचा पालाही झाडोऱ्यातच मोडतो, हे विसरू नये. शेतकरी बंधूंनो, शेतातून वाहिलेला कस खाडीच्या जमेस पडतो. ती बाकी पुन्हा वसूल होत नाही. पावसापूर्वीच बांध दुरुस्त करावे.