नव्या बॅटरीचा घोर

हळदीचे पैसे हातात आले की घरात एखादी नवी वस्तू येते. पूर्वी ती टीव्ही नाहीतर शिलाई मशीन असे. हल्ली बहुधा मोबाइल असतो किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा लॅपटॉप. आठ दिवस कौतुकात जातात. मग कोणीतरी सेटिंगमध्ये शिरून ‘बॅटरी हेल्थ’ नावाचा आकडा दाखवतो. तो असतो ९८. वस्तू नवी कोरी, मग दोन टक्के गेले कुठे? दुकानदाराने जुना माल तर गळ्यात मारला नाही? तेव्हापासून माणूस फोन कमी वापरतो आणि तो आकडाच जास्त बघतो.

तर मंडळी, हा आकडा म्हणजे काय ते आधी पाहू. स्क्रीनच्या कोपऱ्यातला टक्का वेगळा आणि हा वेगळा. रांजणात आज पाणी किती आहे, ते कोपऱ्यातला टक्का सांगतो. मुळात रांजणच केवढा उरला आहे, ते हेल्थचा आकडा सांगतो. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. रांजणाच्या आतून क्षाराचा थर चढत जातो आणि तेवढे पाणी कमी मावते. लिथियम-आयन बॅटरीचेही काहीसे असेच आहे. चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूकडून निघून ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत येतात. या येण्याजाण्यात ग्रॅफाइटवर एक पातळ थर बसतो आणि थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. हा थर कारखान्यातल्या पहिल्याच चार्जिंगला तयार होतो, आणि तो व्हावाच लागतो, कारण तोच बॅटरीला सांभाळतो. पुढे तो सावकाश जाड होत जातो, आधी थोडा वेगाने, मग मंदपणे. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत दोन टक्के उतरले तर वर्षात बारा उतरतील, हे त्रैराशिक इथे लागू पडत नाही.

शिवाय हा आकडा अंदाजाने काढलेला असतो. रांजणात उतरून कोणी माप घेत नाही. आत किती वीज गेली, बाहेर किती आली, याचा हिशेब एक चिप ठेवते, व्होल्टेज पाहते आणि त्यावरून क्षमता ठरवते. वस्तू नवी असताना तिच्याजवळ मागचा हिशेबच थोडा असतो. त्यामुळे लॅपटॉपवर आज ९७ आणि पुढच्या आठवड्यात ९९ दिसू शकतात. बॅटरी काही आपोआप बरी होत नाही, अंदाज सुधारतो इतकेच. एकाच कारखान्यातल्या दोन बॅटऱ्याही तंतोतंत सारख्या नसतात.

फोन लवकर उतरतो म्हणजे बॅटरी खराब, असेही नाही. राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी फोनवरून होते. बांधावर उभे राहून जीपीएस चालू, कॅमेरा चालू, उन्हात दिसावे म्हणून स्क्रीनचा उजेड पूर्ण, त्यात रेंज अर्धवट. रेंज शोधताना फोन जास्त वीज खातो. अशा तासाभरात नवा फोनही झपाट्याने उतरतो.

हे टक्के लोकांच्या डोळ्यांसमोर आले त्याची एक कथा आहे. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आपण सॉफ्टवेअरने कमी करतो, फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असे ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. गिऱ्हाइकांना त्याचा पत्ता नव्हता. मोठी ओरड झाली आणि २०१८ मध्ये फोनवरच बॅटरीचे आरोग्य दिसू लागले. माहिती मिळाली हे चांगलेच झाले. घोर तेवढा वरकड मिळाला.

साधारणपणे क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली की बॅटरी थकली असे मानतात. युरोपीय संघाने जून २०२५ पासून फोनसाठी नियमच केला, की ८०० चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. चक्र म्हणजे चार्जर लावण्याची खेप नव्हे. आज अर्धी बॅटरी वापरली, उद्या अर्धी, की एक चक्र. दिवसातून तीनदा थोडे थोडे चार्ज केले म्हणून तीन चक्रे मोजली जात नाहीत.

‘पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लावा’, ‘पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका’, हे सल्ले अजून ऐकू येतात. ते निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांचे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली आणि तिचा स्वभाव वेगळा निघाला. तिला पूर्ण रिकामे करणे मानवत नाही आणि काठोकाठ भरून तापत ठेवणेही मानवत नाही.

तापत ठेवणे, हाच आपल्या जिल्ह्यातला खरा प्रश्न. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंशांचे हवामान योग्य सांगते. हिंगोलीत वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली, गादीवर किंवा उशीखाली फोन चार्जिंगला लावायचा आणि वर त्यावर व्हिडिओ बघायचा, यात बॅटरीचे जे नुकसान होते ते टक्के बघून भरून येत नाही. मोटारीच्या काचेखाली ठेवलेल्या फोनचेही तेच. उन्हातून आणलेला फोन आधी सावलीत निवू द्यावा, मग चार्जर लावावा. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक फोनमध्ये असते, ती चांगली आहे. पण ज्या गावात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, तिथे हा हट्ट धरू नये. रात्री शेतावर पाणी द्यायला जाणाऱ्याने फोन खुशाल शंभर टक्के भरून न्यावा.

वस्तू जुनी असल्याचा संशयच असेल तर टक्क्यांपेक्षा चक्रांचा आकडा पाहा. विंडोज लॅपटॉपमध्ये कमांड प्रॉम्प्टवरून ‘बॅटरी रिपोर्ट’ काढता येतो. त्यात मूळ क्षमता, आजची क्षमता आणि बहुधा चक्रेही असतात. चार-पाच चक्रे असतील तर काळजी नको. नव्या म्हणून घेतलेल्या लॅपटॉपवर दीडशे असतील तर तो वापरलेला असण्याचीच शक्यता जास्त. पावती आणि तो रिपोर्ट घेऊन आधी विक्रेत्याकडे जावे. त्याने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पावतीवर बॅटरीची हमी वेगळी आणि कमी मुदतीची लिहिलेली असू शकते, तीही वाचावी.

आणि एका बाबतीत मात्र आकडा काहीही सांगो, थांबू नये. फोनचे मागचे झाकण उचलले गेले, लॅपटॉपचा टचपॅड वर आला, स्क्रीन कडेने सुटू लागली, तर आत बॅटरी फुगली आहे. ती दाबून बसवू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये. पोरांच्या हाती देऊ नये. वस्तू बंद करून, कापूस-कडब्यापासून दूर ठेवावी आणि सेवा केंद्रात न्यावी. बदलून घेताना नव्या बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आयएस १६०४६’ हा क्रमांक आहे का, ते बसवण्याआधीच पाहून घ्यावे. काढलेली बॅटरी उकिरड्यावर न टाकता तिथेच जमा करावी.