खेळ की रोजंदारी?

‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ हा व्हिएतनाममधल्या ‘स्काय मेव्हिस’ कंपनीचा ब्लॉकचेनवरचा खेळ. २०२१मध्ये, टाळेबंदीत हाताला काम नसलेल्या फिलिपिन्समधल्या अनेक घरांची चूल त्याच्यावर पेटली. खेळायला तीन अ‍ॅक्सी, म्हणजे गुबगुबीत कार्टून प्राणी, लागत. ऐन तेजीत त्यांच्यासाठी शेकडो डॉलर मोजावे लागत. ज्यांना परवडत नसे ते दुसऱ्याचे प्राणी घेऊन खेळत आणि कमाईतला वाटा मालकाला देत. अर्धेलीने शेत कसण्यातलाच प्रकार, फक्त नाव ‘स्कॉलरशिप’!

लढाई जिंकली की ‘एसएलपी’ टोकन मिळे; ते विकून पैसे येत. खेळात त्याचा मुख्य उपयोग एकच: दोन अ‍ॅक्सींपासून नवं पिल्लू जन्माला घालणं. नवे खेळाडू येत होते तोवर पिल्लांना गिऱ्हाईक होतं. ते आटलं, टोकन मात्र रोज तयार होतच राहिली. २०२१च्या मध्यात तीस सेंटांच्या वर गेलेलं एसएलपी वर्षभरात एका सेंटच्याही खाली आलं. मग केवळ मजेखातर थांबणारे किती उरणार? तेच तेच डाव रोज खेळणं ही एव्हाना ड्युटी झाली होती.

मार्च २०२२मध्ये खेळाच्या ‘रोनिन’ जाळ्यातून साठ कोटी डॉलरहून जास्त रकमेची चोरी झाली. त्यानंतर सुरुवातीचे प्राणी फुकट देणारी आवृत्ती आली. हे शहाणपण आधी सुचायला हवं होतं.

भारतात अशा टोकनच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२पासून ३० टक्के कर आहे आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.