अमेरिकी पोलीस आणि बंदुकीचे कायदे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत गोळीबाराची बातमी आली की आपल्याकडे विचारलं जातं, ‘तिथल्या पोलिसांचं म्हणणं काय?’ आपल्याकडे राज्याचं पोलीस दल एका गृहखात्याखाली असतं, म्हणून हा प्रश्न साधा वाटतो. पण तिथे सुमारे 18 हजार स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत.

गैरसमज : पोलिसांचा बंदूक नियंत्रणाला सरसकट विरोध आहे.

कोणत्या कायद्याबद्दल बोलतोय, ते आधी सांगावं लागेल. प्यू संशोधन केंद्राने 2016 मध्ये सुमारे आठ हजार पोलिसांची मतं घेतली. खासगी विक्री आणि बंदुकांच्या प्रदर्शनातली विक्री यांतही गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासावी, असं 88 टक्के पोलिसांना वाटत होतं. लष्करी धाटणीच्या बंदुकांवरच्या बंदीला मात्र फक्त 32 टक्क्यांचा पाठिंबा होता. सामान्य नागरिकांत तो 64 टक्के होता. बंदूक कोणाच्या हाती जाते यावर लक्ष हवं, अमुक प्रकारच्या बंदुकीवर बंदी नको, असा हा कल आहे. यातला एकच आकडा उचलून पोलिसांवर शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय ही पाहणी शंभर किंवा अधिक अधिकारी असलेल्या दलांपुरती होती. खेडोपाडीची लहान ठाणी त्यात नव्हती.

गैरसमज : शेरीफ आणि पोलीसप्रमुख एकच.

मुंबईच्या शेरीफचं पद निव्वळ मानाचं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शेरीफ काउंटीतल्या मतदारांनी निवडून दिलेला असतो, तर शहराच्या पोलीसप्रमुखाची नेमणूक होते. ग्रामीण भागात बऱ्याच घरांत बंदूक असते आणि शेरीफला तिथेच पुन्हा मतं मागायची असतात.

हा फरक एका खटल्यात दिसला. 1993 च्या ब्रेडी कायद्याने बंदूक घेणाऱ्याची तपासणी स्थानिक पोलीसप्रमुख आणि शेरीफ यांच्यावर सोपवली. मोठ्या पोलीस संघटना या कायद्याच्या बाजूने होत्या, पण मोंटानाचे जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनाचे रिचर्ड मॅक हे दोन शेरीफ कोर्टात गेले. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे तपासणीच रद्द झाली, असं सांगितलं जातं. ते चूक आहे. केंद्र सरकारने स्थानिक अधिकाऱ्यांना कामाला जुंपू नये, एवढंच न्यायालय म्हणालं. नोव्हेंबर 1998 पासून एफबीआयची संगणकीय तपासणी सुरू झाली आणि ती आजही चालू आहे.

गैरसमज : पोलिसांचा शब्द अखेरचा ठरतो.

टेक्सासमध्ये विनापरवाना पिस्तूल बाळगण्याची मुभा देणारं विधेयक आलं, तेव्हा अनेक पोलीसप्रमुखांनी उघड विरोध केला. तरीही 1 सप्टेंबर 2021 रोजी तो कायदा लागू झाला.